आवर घालणारा मेंदू : लहान मेंदूतील गाबा रिसेप्टर आणि औषधे

प्रस्तावना

लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो, एवढे आपण शाळेत शिकतो आणि बहुधा तिथेच थांबतो. डोक्याच्या मागच्या भागात, मानेच्या जरा वर असलेल्या या अवयवाचे वजन संपूर्ण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. पण माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळपास ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत असतात, ही मोजणी ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केली. आकाराने लहान असलेल्या या भागात मेंदूतल्या पाचांपैकी चार पेशी दाटीने नांदतात. त्यांतल्या बहुतेक सगळ्या ‘ग्रॅन्युल’ नावाच्या अगदी चिमुकल्या पेशी आहेत. त्या इतर पेशींना चेतवतात. लहान मेंदूच्या सालीतल्या बाकीच्या जवळजवळ सगळ्या पेशींचे काम आवर घालण्याचे आहे. गॉल्जी पेशी ग्रॅन्युल पेशींना आवरतात, बास्केट आणि स्टेलेट पेशी परकिंजे पेशींना आवरतात. साऱ्या सालीतून बाहेर संदेश नेणारी परकिंजे पेशीही पुढच्या पेशींना आवरच घालते.

या आवरण्याचे रसायन, ते ओळखणारे रिसेप्टर आणि त्या रिसेप्टरांवर जाऊन बसणारी औषधे हा या पुस्तकाचा विषय आहे. झोपेची गोळी, चिंतेवरची गोळी, फिट थांबवणारे इंजेक्शन, शस्त्रक्रियेपूर्वी दिली जाणारी भूल आणि दारू या सगळ्यांचा या रिसेप्टरांशी संबंध येतो. औषध रिसेप्टरवर बसते, हे औषधशास्त्रातले पहिले वाक्य झाले. बसले म्हणजे परिणाम झालाच असे नाही, हे दुसरे वाक्य. ते समजायला फार वेळ लागला, आणि आजही ते पुरेसे सांगितले जात नाही. ते शिकायला लहान मेंदूइतकी चांगली जागा मेंदूत दुसरी नाही, अशी माझी खात्री आहे. म्हणून हे पुस्तक.

आवर घालणे म्हणजे अडवणे, असा पहिला समज होतो. डग्ग्यावर मनगट दाबून नाद आवरला नाही तर तबल्याचा बोल उमटत नाही, नुसता गुंजत राहतो. मेंदूतल्या आवराचे कामही त्याच जातीचे आहे. हात पेल्याकडे नेताना कोणते स्नायू किती आखडायचे याइतकेच ते नेमके कधी सैल सोडायचे हेही ठरावे लागते. ही वेळ चुकली की हात पेल्याच्या पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो, पाय रुंद टाकावे लागतात, बोलताना अक्षरे तुटतात. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांची तपासणी करून ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी ही लक्षणे बारकाईने नोंदवली. दारू प्यायलेल्या माणसाला सरळ रेषेत चालायला किंवा डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगतात, तीही मुळात लहान मेंदूचीच परीक्षा असते.

या कथेची सुरुवात प्रागमध्ये झाली. यान पुरकिन्ये यांनी १८३७ साली लहान मेंदूतल्या मोठ्या, सुरईच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. परकिंजे पेशी हे त्यांच्याच नावावरून पडलेले नाव. १८८८ साली स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी पक्ष्यांच्या लहान मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि या पेशींच्या फांद्यांचा पसारा जगापुढे आणला. पण ही पेशी पुढच्या पेशीला नेमके काय सांगते हे कळायला आणखी पाऊण शतक गेले. टोकियोत मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मांजरांवर प्रयोग करून दाखवले, की परकिंजे पेशीचा संदेश पोचला की समोरची पेशी शांत होते. मेंदूच्या एका मोठ्या भागातून बाहेर पडणारा सगळा मजकूर ‘थांब’ या एकाच आज्ञेच्या निरनिराळ्या लयींत लिहिलेला असेल, ही कल्पना तेव्हा अनेकांना पचली नाही. १९६७ साली जॉन एकल्स, इतो आणि यानोश सेंतागोथाई यांनी लहान मेंदूच्या या सगळ्या जोडणीवर एकत्र ग्रंथ लिहिला. तिथून लहान मेंदू हा मेंदूचा सर्वात नीट नकाशा असलेला भाग ठरला.

‘थांब’ म्हणणारे रसायन त्याआधीच सापडले होते. गॅमा-अमिनो-ब्युटिरिक आम्ल, म्हणजे गाबा, हे मेंदूत विपुल असते, असे अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्स आणि इतरांनी १९५० साली दाखवले. ते वनस्पतींत आणि जिवाणूंत आधीपासून माहीत होते. मेंदूत त्याचे काम काय, हे मात्र कुणाला सांगता येईना. ते उलगडायला खेकड्या-झिंग्यांच्या कुळातल्या प्राण्यांच्या चेतापेशींची मोठी मदत झाली. पुढे इतोंच्या सहकाऱ्यांनी परकिंजे पेशीचे रसायनही गाबाच असल्याचा पुरावा दिला.

आपल्या पश्चिम घाटात आणि मलबारात वाढणाऱ्या एका वेलीचाही या इतिहासात वाटा आहे. काकमारीची फळे कुटून पाण्यात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे, ही जुनी रीत. या फळांतले विष म्हणजे पिक्रोटॉक्सिन. ते गाबाच्या रिसेप्टरमधली वाट बुजवते. आवर सुटतो, पेशी बेफाम होतात आणि झटके येतात. एके काळी बार्बिट्युरेट जातीच्या झोपेच्या औषधांनी विषबाधा झालेल्यांना जागवण्यासाठी डॉक्टर हेच विष जपून वापरत. गाबाचा परिणाम नेमका कुठे अडतो हे तपासायला प्रयोगशाळांनीही त्याचा वर्षानुवर्षे आधार घेतला.

आता खुद्द रिसेप्टरकडे वळू. गाबा-ए रिसेप्टर पाच प्रथिनांच्या तुकड्यांचा बनलेला असतो. हे पाच तुकडे गोलाकार उभे राहतात आणि मधोमध एक अरुंद वाट राहते. गाबाचे रेणू ठरलेल्या दोन खाचांत बसले की ही वाट उघडते, क्लोराइडचे ऋणभारित कण पेशीत शिरतात आणि पेशी चेतण्यापासून लांब ढकलली जाते. माणसात या तुकड्यांची १९ जनुके आहेत. कोणते पाच तुकडे जुळले यावर रिसेप्टरचा स्वभाव ठरतो. मेंदूत सर्वात जास्त आढळणाऱ्या जुळणीत अल्फा-१ आणि बीटा-२ हे तुकडे दोन-दोन आणि गॅमा-२ हा एक असतो. गाबा बसतो बीटा आणि अल्फा यांच्या सांध्यात. डायझेपामसारखी बेंझोडायझेपीन जातीची औषधे बसतात अल्फा आणि गॅमा यांच्या सांध्यात, म्हणजे गाबाची जागा न अडवता. ती स्वतः वाट उघडत नाहीत, गाबा आला की वाट अधिक वेळा उघडावी एवढेच करतात. बार्बिट्युरेट मात्र वाट जास्त काळ उघडी ठेवतात, आणि मात्रा वाढली की गाबाशिवायही ती उघडतात. बार्बिट्युरेटचा अतिरेक श्वास थांबवतो तो यामुळे. एकटे डायझेपाम त्या मानाने कमी घातक असले तरी दारू किंवा अफूवर्गातले औषध सोबत असेल तर ही सुरक्षितता उरत नाही.

ही औषधे आधी आली आणि त्यांचा पत्ता नंतर लागला, याचे मला फार महत्त्व वाटते. लिओ स्टर्नबाख यांनी हॉफमन-ला रोश कंपनीत शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आले, डायझेपाम १९६३ साली. लाखो लोक त्या गोळ्या घेत होते आणि त्या मेंदूत कुठे जाऊन बसतात हे कुणालाच ठाऊक नव्हते. १९७७ साली डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे त्यांची जागा शोधली. किरणोत्सर्गी खूण केलेले औषध मेंदूच्या कापावर सोडायचे, सुटे राहिलेले धुऊन टाकायचे आणि चिकटून राहिलेले फिल्मवर टिपायचे, अशी ती पद्धत पुढे रुळली. मेंदूतल्या रिसेप्टरांचे पहिले नकाशे असे तयार झाले.

लहान मेंदूचा नकाशा पाहून संशोधक चकित झाले. त्याच्या सालीत थर अगदी स्पष्ट असतात. बाहेर फांद्या-तंतूंचा थर, मध्ये परकिंजे पेशींची एकेरी रांग, आत ग्रॅन्युल पेशींचा दाट थर. मस्किमॉल हे विषारी अळंबीतले द्रव्य गाबाच्या जागेवर बसते, आणि त्याची खूण आतल्या थरात गडद उमटली. बेंझोडायझेपीनची खूण बाहेरच्या थरात अधिक गडद दिसली. दोन्ही द्रव्ये एकाच रिसेप्टरवर बसत असतील तर दोन्हींच्या खुणा एकाच जागी का नाहीत? भरीला, गाबाचा दुसऱ्या जातीचा रिसेप्टर, गाबा-बी, बाहेरच्या थरात भरपूर असल्याचे नॉर्मन बावरी यांच्या गटाने १९८१ साली दाखवले. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन या गाबा-बीवर बसते.

आतल्या थराचे कोडे सुटले ते जनुकांच्या वाटेने. १९८७ साली पीटर सीबर्ग आणि एरिक बार्नार्ड यांच्या गटांनी गाबा-ए रिसेप्टरची पहिली जनुके वाचली. मग एकेक तुकडा सापडत गेला, आणि १९९० साली हार्टमुट ल्यूडेन्स, सीबर्ग आणि सहकाऱ्यांनी अल्फा-६ हा तुकडा पुढे आणला. तो मेंदूत जवळजवळ फक्त लहान मेंदूच्या ग्रॅन्युल पेशींत असतो. ज्या रिसेप्टरात अल्फा-६ असतो त्यावर डायझेपाम बसतच नाही. कारण अगदी सूक्ष्म आहे. अल्फा-१ मध्ये ज्या जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असते, तिथे अल्फा-६ मध्ये आर्जिनीन असते. एवढ्या एका फरकाने जगातल्या सर्वात जास्त विकल्या गेलेल्या औषधांपैकी एकासाठी ही जागा बंद होते. डायझेपामला दाद न देणाऱ्या याच रिसेप्टरवर आरओ १५-४५१३ हे प्रायोगिक द्रव्य मात्र घट्ट बसते. उंदरांमधली दारूची झिंग ते उतरवते, असे १९८६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा खळबळ उडाली होती. ते औषध म्हणून कधी आले नाही. झिंग उतरली तरी रक्तातली दारू रक्तातच राहते, आणि हे द्रव्य स्वतः झटक्यांचा धोका वाढवते.

इथून पुढे प्रश्न असा, की औषध कुठे बसते हे कळल्यावर परिणाम कळला का? या पुस्तकाची मधली प्रकरणे याच प्रश्नाभोवती फिरतात. त्यांतले चार प्रयोग इथे थोडक्यात सांगतो.

पहिला फिनलंडमधला. थोड्याशा दारूने तोल जाणारे आणि तोल न जाणारे असे उंदरांचे दोन वंश तिथे अनेक पिढ्यांच्या निवडीतून तयार केले होते. कलत्या फळीवर उंदीर कधी घसरतो हे पाहून निवड होई. तोल जाणाऱ्या वंशात अल्फा-६ च्या त्याच जागी आर्जिनीनऐवजी ग्लुटामीन असल्याचे एसा कोर्पी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले. या उंदरांच्या अल्फा-६ रिसेप्टरवर डायझेपाम बसू शकते, आणि डायझेपामनेही त्यांचा तोल सहज जातो. दुवा जुळल्यासारखा वाटला. पण दारू स्वतः या रिसेप्टरवर थेट काम करते का, यावर पुढे प्रयोगशाळांचे एकमत झाले नाही. २००५ साली एका गटाने होकारार्थी पुरावा दिला, इतरांना तसे आढळले नाही. दारूमुळे गॉल्जी पेशी जास्त वेगाने चेततात, अधिक गाबा सोडतात आणि त्यामुळे ग्रॅन्युल पेशी दबतात, हा दुसरा मार्गही समोर आला. म्हणजे रिसेप्टरला हात न लावताही त्याच्यावरचा भार वाढवता येतो.

दुसरा प्रयोग जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा. अल्फा-६ हा डेल्टा नावाच्या तुकड्यासोबत मिळून जो रिसेप्टर बनवतो, तो दोन पेशींच्या जोडापाशी नसून जरा बाजूला असतो. सभोवताली तरंगणारा अगदी थोडा गाबाही तो ओळखतो. त्यामुळे ग्रॅन्युल पेशींवर सतत, मंद आवर राहतो. हा आवर गेला तर उंदीर अडखळतील, अशी अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. स्टीफन ब्रिकली आणि सहकाऱ्यांनी २००१ साली कारण दाखवले. या पेशींनी पोटॅशियमची एक वेगळी वाट वाढवून आवराची उणीव भरून काढली होती. मला हा निष्कर्ष या सगळ्या क्षेत्रातला सर्वात सुंदर वाटतो. पेशीला तिच्या आवराची पातळी माहीत असते आणि एक साधन हरवले तर ती दुसरे शोधते.

तिसरा प्रयोग २००७ सालचा, विल्यम विस्डेन यांच्या गटाचा. त्यांनी उंदरांचे रिसेप्टर असे बदलले की झोपेचे औषध झोल्पिडेम त्यांच्यावर कुठेच बसू नये, आणि मग फक्त परकिंजे पेशींत ती जागा परत मोकळी केली. आता झोल्पिडेम दिले की फक्त परकिंजे पेशींवरचा आवर एकाएकी वाढे, आणि उंदीर फिरत्या दांड्यावर टिकेनात. याउलट परकिंजे पेशींतला हा आवर जनुकाच्या पातळीवर कायमचाच काढून टाकला, तर उंदीर बऱ्यापैकी नीट चालत. त्यांची अडचण निराळ्या ठिकाणी दिसली. डोळ्यांच्या हालचालींचे नवे शिक्षण त्यांच्या स्मृतीत पक्के होईना. एकाएकी आलेला बदल आणि कायमचा बदल यांना मेंदू सारखे उत्तर देत नाही.

चौथा प्रयोग झुरिकचा, १९९९ सालचा. अल्फा-१ वर डायझेपाम बसणार नाही असे उंदीर तिथे तयार केले. डायझेपामने येणारी गुंगी त्यांच्यात जवळजवळ नाहीशी झाली, पण तोल जाणे मात्र कायम राहिले. लहान मेंदूत अल्फा-१ इतका भरपूर असताना! औषधाची खूण जिथे सर्वात गडद उमटते, त्या जागेवरच त्याच्या परिणामाचा पत्ता असेल हे गृहीत धरता येत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. नकाशा हवाच, पण नकाशा पाहून निकाल देता येत नाही.

या सगळ्याचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही नावे आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात रोज उच्चारली जातात. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम यांसारखी औषधे भारतात २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. तरी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने गोळी चालू राहते. वयस्कर माणूस रात्री उठतो, पाय ठरत नाही, पडतो, खुब्याचे हाड मोडते. घरचे म्हणतात, वय झाले. अनेकदा त्यात झोपेच्या गोळीचा वाटा असतो, म्हणून या वयात ही औषधे शक्यतो टाळावीत असे जगभरचे वैद्यकीय सल्ले सांगतात. आणि कुणी घाबरून गोळी एका दिवसात बंद केली तर दीर्घकाळ दबलेल्या पेशी उसळतात, झोप उडते, हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात. पेशी आपला आवर सावरून घेते हे उंदरांच्या प्रयोगात सुंदर दिसते, पण तीच गोष्ट इथे माणसाला महागात पडते. म्हणून ही औषधे सुरू करणे आणि थांबवणे, दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि थांबवणे तर टप्प्याटप्प्यानेच व्हायला हवे.

आशेची बाजूही तितकीच खरी आहे. अल्फा-६ मेंदूत इतरत्र जवळजवळ नसल्यामुळे त्यालाच नेमके गाठणारे औषध गुंगी न आणता काम करील, अशी अपेक्षा आहे. हाताला कंप सुटण्याच्या विकारावर असे रेणू प्राण्यांमध्ये तपासले जात आहेत. या विकारात थोड्या दारूने कंप काही वेळ कमी होतो हे रुग्णांना आणि डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्या जुन्या निरीक्षणामागचे रसायन आता हाताशी येऊ लागले आहे. २०१८ पासून अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गाबा-ए रिसेप्टरची अणूंच्या बारकाव्यापर्यंतची चित्रे मिळू लागली आहेत. स्टर्नबाखच्या काळात आधी गोळी आली आणि मग तिची जागा सापडली. आता आधी जागा पाहून तिच्या मापाचा रेणू घडवता येतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात लहान मेंदूची रचना आणि त्याच्या पेशींची ओळख आहे, दुसऱ्यात रिसेप्टरचे तुकडे आणि औषधांच्या जागा आहेत, तिसऱ्यात वर सांगितलेले प्रयोग सविस्तर येतात आणि चौथ्यात दवाखान्यातले प्रश्न येतात. ग्लायसिन हे आवर घालणारे दुसरे रसायन आणि त्याचे रिसेप्टर यांच्यासाठी एक छोटे प्रकरण राखले आहे. वैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिसरा भाग सर्वात उपयोगी पडेल. घरात कुणी ही औषधे घेत असेल तर चौथा भाग आधी वाचला तरी चालेल, त्यासाठी मागचे सगळे येणे गरजेचे नाही.

वाचकाने या पुस्तकातून एक सवय उचलावी, एवढी माझी इच्छा आहे. एखादे औषध ‘मेंदूवर काम करते’ असे कुणी म्हटले, की आपण पुढे विचारावे : मेंदूच्या कोणत्या भागात, कोणत्या पेशीवर, कोणत्या जुळणीच्या रिसेप्टरवर, किती दिवस? विद्यार्थ्याने हे प्रश्न आपल्या शिक्षकाला विचारावेत आणि रुग्णाने, आपल्या साध्या शब्दांत, आपल्या डॉक्टरला. लहान मेंदूत एका अमिनो आम्लाच्या फरकाने सगळा निकाल बदलतो, तेव्हा इतक्या बारकाईने विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि ते शिकवणे ही आमची जबाबदारी आहे.